विज्ञानावरच्या ऑनलाइन वादात पहिल्यांदा उतरताय? आधी हे वाचा

घरच्या ग्रुपवर मावशीने टाकलेला फॉरवर्ड, सोसायटीच्या ग्रुपवर 'आयुर्वेद की ॲलोपॅथी', शाळेच्या जुन्या मित्रांमध्ये 'चंद्रावर माणूस गेलाच नव्हता', आणि दहावीचा निकाल लागला की दरवर्षी हमखास पेटणारं 'सायन्स मोठं की आर्ट्स'. विज्ञानाची आवड असलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. बसूही नये, कारण असे वाद मुकाट्याने वाचणारी माणसं बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि त्यातली बरीच खरंच काहीतरी समजून घ्यायला वाचत असतात.

पण नवा माणूस उत्साहाने उतरतो, दोन तासांनी विषय भलतीकडेच गेलेला असतो, कुणीतरी रागाने ग्रुप सोडलेला असतो आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि अशा वादांत बरीच वर्षं आहे. मला सतत दिसतं ते हे, की लोकांना माहिती कमी असते म्हणून वाद भरकटत नाहीत. नेमका दावा काय आहे हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून भरकटतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याभोवतीच आहेत.

हाताशी काय असावं

- एक वही, किंवा मोबाइलवरची नोट. दावा जसाच्या तसा उतरवून ठेवायला.
- कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला पुरे.
- गुगल लेन्स. फोटो आधी कुठे आला होता ते शोधायला.
- शोधनिबंध शोधायला गुगल स्कॉलर, आणि औषध-आजारांसाठी पबमेड. दोन्ही फुकट आहेत. निबंध पूर्ण उघडला नाही तरी त्याचा सारांश वाचता येतो.
- मराठी विश्वकोश. तोही ऑनलाइन मोफत आहे. मूळ संकल्पना मराठीत समजून घ्यायला आणि समोरच्याला पाठवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. नव्या घडामोडींसाठी मात्र त्यावर विसंबू नका.
- 'करंट सायन्स' या बेंगळुरूहून निघणाऱ्या विज्ञान-नियतकालिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. भारतातल्या विषयांवर बोलताना फार उपयोगी पडतात.

१. दावा एका वाक्यात लिहून काढा

समजा, कुणी लिहिलं: 'हळदीने कॅन्सर बरा होतो, म्हणून तर अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं!' लगेच उत्तर टाइप करायला घेऊ नका. या एका ओळीत किमान तीन दावे आहेत. हळदीत औषधी गुण आहेत, हा एक. अमेरिकेत हळदीचं पेटंट दिलं गेलं होतं, हा दुसरा. हळदीने माणसाचा कॅन्सर बरा होतो, हा तिसरा. तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरंही वेगळी आहेत.

पेटंटची गोष्ट खरी आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांना ते १९९५ मध्ये मिळालं होतं. पण ते जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल होतं, कॅन्सरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? 'आमच्या आजीला हे माहीत होतं' एवढ्यावर नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंध असे छापील, तारीखवार दाखले पुढे ठेवले गेले. आपल्या परंपरेचा अभिमान असणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते. आपली बाजू जिंकली ती कागदपत्रं दाखवून.

म्हणून उत्तर देण्याआधी विचारा: 'यातलं नेमकं कुठलं म्हणणं तुम्ही मांडताय?' हा प्रश्न सरळ, मनापासून विचारा. बरेचदा समोरचा तिसरा दावा आपण होऊन सोडून देतो आणि अर्धा वाद तिथेच मिटतो.

दावा लिहून झाला की तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. वस्तुस्थितीचा की व्याख्येचा? प्लूटोचं उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. आजही यावर लोक हिरिरीने भांडतात. पण प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर आहे आणि सूर्याभोवती फिरायला त्याला २४८ वर्षं लागतात, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. भांडण आहे ते 'ग्रह' कशाला म्हणायचं एवढ्यापुरतं. अशा वादात नवे पुरावे आणून काहीच होत नाही. आधी तसं बोलून दाखवा, मग हवं तर व्याख्येवर चर्चा करा. तीही रंगतदार असते. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सीरिस १८०१ मध्ये सापडला तेव्हा त्यालाही काही दशकं ग्रहच म्हणत होते.

२. आकडे असतील तर सगळं सोडून आधी आकडे तपासा

हे कौशल्य सगळ्यात लवकर येतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, म्हणून एक उदाहरण सावकाश बघू.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: उद्या पहाटे पृथ्वी सूर्यापासून खूप लांब जाणार आहे, याला 'अपसूर्य' म्हणतात. एरवी सूर्य ५ प्रकाश-मिनिटांवर, म्हणजे ९ कोटी किलोमीटरवर असतो. आता तो १५.२ कोटी किलोमीटरवर जाईल, म्हणजे ६६ टक्के लांब. म्हणून ऑगस्टपर्यंत हवा गार राहील, सर्दी-खोकला वाढेल, काळजी घ्या.

कॅल्क्युलेटर काढा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. ३ लाख गुणिले ३०० बरोबर ९ कोटी. म्हणजे मजकुरातला गुणाकार बरोबर आहे. इथेच अनेक जण फसतात, कारण हिशेब जुळला की विश्वास बसतो. चूक आहे ती 'सूर्य ५ प्रकाश-मिनिटांवर' या सुरुवातीच्या गृहीतात. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात, म्हणजे ५०० सेकंद. ५०० गुणिले ३ लाख बरोबर १५ कोटी. सरासरी अंतर हेच आहे, नेमकं सांगायचं तर १४.९६ कोटी किलोमीटर.

जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी खरोखरच सूर्यापासून सर्वांत दूर असते. अपसूर्य हा शब्द बरोबर आहे आणि १५.२ कोटींचा आकडाही बरोबर आहे. पण जानेवारीच्या सुरुवातीला, सर्वांत जवळ असतानासुद्धा अंतर १४.७ कोटी असतं. फरक जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांचा.

आता पुढचा प्रश्न, आणि हा तुम्ही ग्रुपवर विचाराच: अंतरामुळे गारवा येत असेल, तर सूर्य सर्वांत जवळ असतो त्या जानेवारीत आपल्याकडे कडक उन्हाळा हवा होता ना? तेव्हा तर नाशिक-निफाडकडे थंडीने हात आखडतात. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे, आणि महाराष्ट्रात जुलै गार वाटतो तो मोसमी ढगांमुळे आणि पावसामुळे. हा प्रश्न आठवीतल्या मुलालाही कळतो आणि काकांनाही. एवढी तपासणी करायला दहा मिनिटं पुरतात. 'फेक आहे' असं नुसतं लिहिण्यापेक्षा ही चार वाक्यं लिहा. वाचणाऱ्याला पुढचा फॉरवर्ड स्वतः तपासता येईल.

या मजकुराकडून आणखी एक शिका. खोट्या दाव्यात खरे तुकडे असतात. 'सगळं खोटं' म्हणालात की समोरचा अपसूर्य हा शब्द शोधून आणतो आणि तुम्ही खोटे ठरता. म्हणून खरं काय ते आधी मान्य करा, मग चूक नेमकी कुठे आहे तिथे बोट ठेवा.

३. फोटोचा उगम शोधा

दिवाळीत भारत अंतराळातून असा दिसतो, नासाचा फोटो, म्हणून रंगीबेरंगी दिव्यांचा नकाशा दरवर्षी येतो. तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्रविषयक संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रहनोंदी एकावर एक ठेवून ते चित्र केलं होतं. कुठल्या काळात कुठे नवे दिवे लागले, म्हणजेच वस्ती कशी वाढली, हे त्यातले रंग दाखवतात. मला तर ते चित्र त्याच्या खऱ्या अर्थाने जास्त आवडतं. ग्रुपवर तसंच सांगा, म्हणजे कुणाचा विरस होणार नाही.

'२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा त्याचाच भाऊबंद. २००३ मध्ये त्या तारखेला मंगळ खरंच विक्रमी जवळ, सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. फिरता फिरता दुर्बीण गळाली आणि सालही गळालं.

४. 'संशोधनात सिद्ध झालंय' म्हटलं की चार प्रश्न

कुणी लिंक दिली तर ती उघडा. न उघडता उत्तर देऊ नका, एवढी शिस्त पाळली तरी तुम्ही निम्म्या लोकांच्या पुढे आहात. मग बघा:

*कुणावर प्रयोग झाला?* काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? हळदीतल्या कुर्क्युमिनने बशीतल्या कॅन्सरपेशी मरतात असे निबंध ढिगाने मिळतील. पण बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. शरीरात कुर्क्युमिन फारच कमी शोषलं जातं. 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' मध्ये २०१७ साली त्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही औषध कुणाला आणि नकली गोळी कुणाला हे माहीत नसलेल्या चाचण्यांपैकी एकही यशस्वी झालेली नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता.

*किती जणांवर?* लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा निबंध फक्त १२ मुलांवर होता.

*अजून उभा आहे का?* तोच निबंध 'लॅन्सेट' ने २०१० मध्ये मागे घेतला. तरी तो आजही पुरावा म्हणून फिरतो. निबंधाचं नाव गुगलवर टाकून पुढे 'रिट्रॅक्टेड' लिहून शोधा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

*इतर तज्ज्ञांनी तपासून छापलाय की नुसता वर चढवलाय?* प्रीप्रिंट म्हणजे तपासणीआधीचा मसुदा. त्यात चांगलं कामही असतं, पण त्यावरून 'सिद्ध झालं' म्हणता येत नाही.

आणि एक सापळा: बातमीची लिंक म्हणजे निबंध नव्हे. बातमीत सांगितलेली गोष्ट निबंधाच्या सारांशातही नसते, असं मला अनेकदा आढळलंय.

५. ज्या विषयाचा वाद, त्या विषयाच्या पद्धतीचा पुरावा मागा

'प्रयोगशाळेत करून दाखवा, तरच विज्ञान' असं म्हणणारा एक तरी भेटतोच. भूविज्ञान, खगोलशास्त्र, उत्क्रांती अशा विषयांत हे चालत नाही, कारण घटना होऊन गेलेली असते. तिथे मागे राहिलेल्या खुणा वाचाव्या लागतात.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर याचं सुंदर उदाहरण आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा दख्खनच्या काळ्या कातळात आहे. कातळ ज्वालामुखीचा, म्हणून खळगाही ज्वालामुखीचाच असणार, असं बराच काळ मानलं जायचं. तो खळगा पडताना कुणी पाहिलेला नाही आणि पुन्हा पाडून बघताही येत नाही. मग अशनी आदळूनच तो झाला हे कशावरून ठरलं? तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा आघात झाला तरच ती तयार होते, आणि तेवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. १९७३ मध्ये हे पुरावे प्रसिद्ध झाले आणि वादाचं पारडं निर्णायकपणे फिरलं. साक्षीदार नसलेल्या घटनेबद्दलही पक्कं बोलता येतं, ते असं.

लोणारच्या वयावरूनही लोक भांडतात. एक जण '५० हजार वर्षं' ची लिंक टाकतो, दुसरा 'पावणेसहा लाख' ची. दोघंही खोटं बोलत नाहीत. ५० हजारांच्या आसपासचे आकडे थर्मोल्युमिनेसन्ससारख्या पद्धतींनी आलेले, आणि ५.७ लाख हा आकडा नंतरच्या, आरगॉनवर आधारित कालमापनाचा. अशा वेळी 'कुणाचं खरं' ऐवजी 'कुठल्या पद्धतीने, कुठल्या साली मोजलं' हे विचारलं की वादाची चर्चा होते.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ग्रुपांवर काय काय तर्क आले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मीठ मानवणारे, रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. पावसाने खारेपणा उतरला तसा रंगही ओसरला. नमुने तपासले जाईपर्यंत 'अजून माहीत नाही, तपासणी चालू आहे' एवढंच लिहिणं हे पूर्ण उत्तर असतं. नव्या माणसाला ते लिहायला जड जातं. लिहीत जा.

६. 'ते काही खरं सायन्स नाही' या वादात अडकू नका, तो बदला

भौतिकशास्त्र वरचं, मग रसायन, मग जीवशास्त्र, मानसशास्त्र-अर्थशास्त्र म्हणजे नुसती मतं, आणि इतिहास-भाषा म्हणजे पाठांतर. ही उतरंड दहावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत फार क्रूरपणे वापरली जाते. आर्ट्स घेणाऱ्या मुलीला नातेवाईकांच्या ग्रुपवर ऐकावं लागतं, ते वाचून मला मनापासून राग येतो. म्हणून या वादात जरूर उतरा, पण तयारीने.

'मानसशास्त्राचे प्रयोग पुन्हा केले की जमत नाहीत' हा ठरलेला मुद्दा असतो. त्यात तथ्य आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा साधारण ३६ टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या ठोस निकाल पुन्हा मिळाला. पण 'कडक' समजल्या जाणाऱ्या जीववैद्यक क्षेत्रात काय झालं? २०१२ मध्ये ॲमजेन या औषधकंपनीतल्या संशोधकांनी कळवलं की कॅन्सरवरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांपैकी फक्त ६ त्यांना पुन्हा जमवता आले. म्हणजे अडचण एका शाखेची नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या विषयाची ही तपासणी स्वतःच केली आणि जाहीर छापली, हे त्यांच्या बाजूने सांगा.

शाखांमधल्या भिंती किती पातळ असतात हे दाखवायला मी दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घेते. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला हा गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी वजन करून पाहिली, नाणी हाताळली जाऊन किती झिजतात याचं संख्याशास्त्र मांडलं आणि त्यातून इतिहासाबद्दल निष्कर्ष काढले. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेलं एक सूत्र जनुकशास्त्रात, गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायला, आजही 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' म्हणून वापरलं जातं. गणित, जनुकशास्त्र की इतिहास, यांना कुठल्या रकान्यात घालायचं? रदरफोर्ड भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं.

'हा विषय विज्ञान आहे का' या प्रश्नाऐवजी 'या विषयात चूक कशी पकडली जाते' हा प्रश्न पुढे ठेवा. गणितात सिद्धतेतली पायरी तुटते. इतिहासात नवा ताम्रपट किंवा नाणं सापडतं आणि कालक्रम बदलावा लागतो. अर्थशास्त्रात भाकीत फसतं. ज्या विषयात चूक पकडायचा काही मार्गच नाही, तिथे मात्र सावध व्हा.

७. निकालाआधी चाचणी ठरवा

फलज्योतिषावरचा वाद आपल्याकडे कधीच संपत नाही. दोन्ही बाजू अनुभव सांगत राहतात. यात उतरायचं असेल तर जयंत नारळीकरांनी केलेली चाचणी नीट समजून घ्या. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्यासह त्यांनी ती महाराष्ट्रात केली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये छापली.

रचना साधी होती. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली कुठली कुणाची? कुठली पत्रिका कुणाची हे ज्योतिषाला माहीत नव्हतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४० पैकी १८.४ बरोबर आली, म्हणजे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर सरासरी २० आली असती.

वादात यावर ठरलेलं उत्तर येतं: 'पण एकाला २४ बरोबर आली होती की!' हो, आली होती. २७ माणसांना ४०-४० वेळा नाणं उडवायला सांगा, त्यातल्या तीन-चार जणांची २४ किंवा जास्त येतीलच. एकट्या सर्वोत्तम आकड्याकडे बोट दाखवणं हा फार जुना सापळा आहे. सगळ्यांचे आकडे एकत्र बघायचे.

हेच तंत्र तुम्ही ग्रुपवर वापरू शकता. काका म्हणाले की मोबाइल टॉवरजवळच्या कुंडीत झाड वाढत नाही, तर विचारा: 'काका, किती कुंड्या ठेवल्या, किती दिवसांत, किती उंचीचा फरक पडला म्हणजे तुमचं खरं मानायचं? आणि नाही पडला तर?' उत्तर आधी लिहून घ्या. या शेवटच्या प्रश्नाला उत्तरच मिळालं नाही, तर पुढे बोलून उपयोग नाही, आणि वाचणाऱ्यांनाही ते कळतं.

८. आपल्या बाजूचा पुरावाही तपासा

बरोबर बाजूने लंगडा पुरावा देणं ही नव्या माणसाची सर्रास होणारी गफलत. पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याला दोन शहरांतल्या काठीच्या सावल्यांचा दाखला सगळेच देतात. शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस, आपल्याकडे मे महिन्यात कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईला मध्यावर आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात येतो, तो बघाच, फार मजेचा असतो. पण नुसत्या दोन शहरांच्या सावल्या सपाट पृथ्वी आणि जवळचा सूर्य मानूनही जुळवता येतात. मुरलेला सपाटवादी हे जाणतो आणि तुम्हाला तिथेच गाठतो.

त्यापेक्षा तारे वापरा. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो. श्रीनगरहून तो कधीच उगवत नाही. ध्रुवतारा पुण्यातून सुमारे साडेअठरा अंशांवर, दिल्लीतून साडेअठ्ठावीसच्या आसपास आणि कन्याकुमारीहून जेमतेम आठवर. जितका अक्षांश तितकी ताऱ्याची उंची, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला तारा गायब. सपाट जमिनीवर हे बसत नाही.

९. माणसांशी बोलताना

थोडक्यात, मी पाळते ते:

मोठ्यांना चारचौघांत 'तुम्ही चुकताय' म्हणू नका. 'आत्या, हे वाचून मीही आकडे काढून पाहिले, असं आलं. तुम्हाला कसं वाटतं?' असं लिहिलं की उत्तर येतं. तर्कदोषांची नावं फेकू नका. ती वापरली की समोरचा शब्दकोश उघडतो आणि मुद्दा बाजूला पडतो. दहा मुद्द्यांना दहा उत्तरं देऊ नका. त्यातला त्यांना सर्वांत भक्कम वाटणारा एक निवडायला सांगा आणि त्यावरच बोला.

तीन ठरलेली वाक्यं येतील, तयार राहा. 'गॅलिलिओलाही लोक विरोध करायचे': करायचे, पण गॅलिलिओने गुरूचे चंद्र दुर्बिणीतून दाखवले, तसं काही दाखवा. 'विज्ञान रोज मत बदलतं': पुरावा आल्यावर बदलतं, आणि तो पुरावा कुठला हे विचारायचा आपल्याला हक्क असतो. 'नोबेल विजेता म्हणालाय': लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली होती. तरी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कॅन्सरच्या रुग्णांना फायदा होतो हे त्यांचं म्हणणं मेयो क्लिनिकच्या चाचण्यांत टिकलं नाही.

१०. कधी थांबायचं, आणि कधी थांबायचं नाही

तोच मुद्दा तिसऱ्यांदा आला, व्यक्तीवर घसरणं सुरू झालं किंवा चाचणी मान्य करायला समोरचा तयारच नसला, की तुमचं म्हणणं एकदा चार ओळींत नीट लिहा आणि बाहेर पडा. शेवटचा शब्द समोरच्याला घेऊ द्या. त्या चार ओळी गप्प वाचणाऱ्यांसाठी असतात.

पण औषधांचा विषय असेल तर मी थांबत नाही. मधुमेहाची गोळी सोडून अमुक काढा घ्या, इन्सुलिनऐवजी तमुक पाला खा, असा मजकूर आला आणि खाली कुणी 'मी सुरू केलंय, छान वाटतंय' लिहिलं, की ग्रुपवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्या माणसाला थेट फोन करा. काढ्याबद्दल काहीही बोलण्याआधी दोनच गोष्टी विचारा: चालू गोळ्या बंद केल्यात का, आणि शेवटची साखर कधी तपासली. गोळ्या बंद केल्या असतील, तर त्यांच्या डॉक्टरांचा नंबर मागून घ्या, त्याच दिवशी बोलणं करून द्या, आणि घरातल्या आणखी एकाला कळवून ठेवा. फॉरवर्डमधला दावा खरा की खोटा हे नंतर निवांत बघता येतं.